शिरोलीजवळ महामार्गाचा भराव उंच करावा की रस्ता खांबांवर न्यावा?

प्रश्न (वारजे, पुणे)

नमस्कार. मी गेली एकोणीस वर्षे वारज्यात राहते. माझे माहेर शिरोली पुलाची, म्हणजे पुणे–बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरच्या अलीकडे जेथे पंचगंगा ओलांडतो, तेथले. सातारा ते कागल या टप्प्याचे सहापदरीकरण हाती घेतल्यापासून आमच्या आणि आसपासच्या गावांत एकाच विषयावर बैठका होत आहेत. महामार्ग पुराच्या पाण्याच्या वर काढला पाहिजे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा रस्ता जवळजवळ आठवडाभर पाण्याखाली होता आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा काही दिवस बंद राहिला, हे पुण्याहून गावी जाणाऱ्या आमच्यासारख्यांना चांगलेच ठाऊक आहे. मतभेद आहे तो रस्ता वर कसा काढायचा, यावर. मातीचा भराव टाकून उंची वाढवली तर काम लवकर आणि कमी खर्चात होईल, असे एक म्हणणे आहे. गावकऱ्यांचे म्हणणे असे की भराव म्हणजे नदीला आडवे घातलेले धरणच, तेव्हा पूरक्षेत्रातला सगळा रस्ता खांबांवरून न्यावा.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर वडिलांनी गेरूने तीन रेघा ओढून ठेवल्या आहेत. २००५ ची रेघ गव्हाणीच्या काठाशी आहे, २०१९ ची खिडकीच्या वरच्या चौकटीला लागते आणि २०२१ ची तिच्याही वर जवळजवळ वीतभर आहे. २०२१ मध्ये आईला आम्ही आधीच वारज्याला आणले होते. वडील मात्र जनावरांपायी मागे राहिले आणि दोन दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते. तेथून त्यांनी जे पाहिले ते मी त्यांच्याच सांगण्यावरून लिहिते. महामार्गाच्या पश्चिमेला पाणी तळ्यासारखे थांबलेले होते आणि त्यावर जलपर्णी व उसाचा पाचोळा नुसता साचून राहिला होता. पूर्वेला मात्र रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या मोरीच्या तोंडातून तेच पाणी असे उसळून बाहेर पडत होते की रात्रभर त्याचा आवाज येत होता. पूर ओसरल्यावर पाहिले, तर मोरीच्या पूर्वेच्या तोंडाशी रानातली माती उकरून निघाली होती आणि कमरेइतका खड्डा पडला होता.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. भरावामुळे वरच्या बाजूचे पाणी खरोखर चढते का, आणि चढत असेल तर का? भरावातच मोऱ्या वाढवल्या तर भागते का? आणि काम पूर्ण होईपर्यंत जे पावसाळे जातील, त्यांत रस्त्याकडेच्या वस्त्यांनी काय करावे? पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे आणि वडिलांनी तेथे मांडण्यासाठी लेखी निवेदन करून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. आपल्यापैकी काहींनी धरणांवर आणि पुलांवर काम केले आहे, काहींनी सिंहगड रस्त्यावरचा पूर घरात अनुभवला आहे, म्हणून येथे विचारते.

उत्तर १ (निवृत्त अभियंता, कोथरूड)

ताई, आपल्या वडिलांनी पाहिलेला तो खड्डा हीच या सगळ्यातली सर्वांत मोलाची नोंद आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. मी पाटबंधाऱ्यांच्या कामात तीस वर्षांहून अधिक काळ काढला. शिरोलीच्या कामाशी माझा संबंध आलेला नाही, त्यामुळे तेथील आराखड्यावर मत देणार नाही. अशा ठिकाणी पाणी कसे वागते, तेवढेच सांगतो.

पुरात नदी आपल्या पात्रापुरती राहत नाही. दोन्ही काठांची उसाची राने हेच तेव्हा तिचे पात्र होते आणि पाण्याचा मोठा हिस्सा या रानांवरूनच पुढे सरकत असतो. पूल बहुधा मूळ पात्रावर असतो आणि रानांवरून जाणारा रस्ता भरावावर असतो. म्हणजे पाण्याच्या रुंद वाटेवर भराव आडवा येतो आणि रानांवरच्या पाण्याला पुलाच्या गाळ्यांकडे, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागांकडे, किंवा मोऱ्यांकडे वळावे लागते. तेवढेच पाणी अरुंद वाटेतून जायचे असेल तर ते अधिक वेगाने गेले पाहिजे, आणि तो वेग मिळण्यासाठी वरच्या बाजूची पातळी खालच्या बाजूपेक्षा उंच व्हावी लागते. या चढलेल्या पाण्याला आम्ही फुगवटा म्हणतो. वेग दुप्पट व्हायचा असेल तर पातळीतला फरक सुमारे चौपट लागतो, त्यामुळे मोऱ्यांची रुंदी निम्म्याने कमी पडली तर फुगवटा दुपटीवर थांबत नाही. पश्चिमेचे थांबलेले तळे आणि पूर्वेचा उसळता लोट ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, आणि तो खड्डा त्या वेगाने मागे ठेवलेली खूण आहे. त्या खड्ड्याचे माप टेपने घेऊन, छायाचित्रासह निवेदनाला जोडा.

यापुढचा मुद्दा नीट लक्षात घ्यावा, कारण माझ्या मते गावकऱ्यांच्या आक्षेपाचा गाभा हाच आहे. आज मोठ्या पुरात रस्ता बुडतो तेव्हा त्याच्यावरून पाणी वाहते. वाहतुकीला ती आपत्ती आहे, पण नदीच्या दृष्टीने तो शेकडो मीटर लांबीचा सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट आहे. भराव उंच केला की हा सांडवा बंद होतो. पुलाचे गाळे आणि मोऱ्या आज आहेत तेवढ्याच ठेवल्या, तर जे पाणी आज रस्त्यावरून जाते ते उद्या पश्चिमेला थांबणार, आणि आपल्या गोठ्यावर चौथी रेघ ओढायची वेळ येणार. म्हणून ‘आजही भराव आहेच, तो थोडा उंच केल्याने काय बिघडते’ हे म्हणणे टिकत नाही. उंची वाढवली की जेवढे पाणी वरून जात होते, किमान तेवढ्याला खालून वाट करून द्यावीच लागते.

उंचीही थोडीथोडकी लागत नाही. रस्त्याच्या पक्क्या थरांखालची माती भिजली तर रस्ता खचतो, म्हणून त्या मातीच्या थराचा तळ सर्वोच्च पूरपातळीच्या किमान ०.६ मीटर वर ठेवण्याची पद्धत आहे. त्यावर रस्त्याचे थर येतात. पूरपातळी कोणत्या वर्षाची धरली, यावर पुढचे सगळे हिशेब अवलंबून असतात. पंचगंगेची पातळी मोजतात त्या कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले होते. आराखड्यात २०२१ ची पातळी धरली आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत पहिला विचारावा.

भरावाची आणखी एक दुखरी बाजू आहे. पूर चढताना भराव सहसा टिकतो, ओसरताना खचतो. आठ दिवस पाण्यात राहिलेली माती पाणी पिऊन जड झालेली असते. बाहेरचे पाणी झपाट्याने उतरते, आतले तेवढ्या वेगाने निघत नाही, आणि बाहेरून रेटा देणारे पाणीच नसल्यामुळे उतार घसरतो. काळ्या मातीत हे फार होते. त्यासाठी पाण्याचा निचरा होऊ देणारा मुरूम, खाली दगडांचा पाया आणि उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर लागते. हा सगळा खर्च धरला की भराव समजतो तितका स्वस्त राहत नाही.

मोऱ्यांबद्दल आपण विचारले आहे. मोऱ्या उपयोगी आहेत, पण लहान लहान अनेक मोऱ्यांपेक्षा मोठ्या गाळ्यांचे मोजके पूल अधिक खात्रीचे. पंचगंगेला जलपर्णी किती असते ते आपण जाणताच. दोन मीटर रुंदीच्या मोरीच्या तोंडावर जलपर्णी, पाचोळा आणि एखादे झाड अडकले की कागदावरची मोरी प्रत्यक्षात निम्मीही उरत नाही. मोरीचा तळ रानाच्या पातळीला हवा. तो वर राहिला तर पूर सरल्यावरही रानात पाणी साचून ऊस कुजतो. आणि खालच्या तोंडाशी दगडी फरसबंदी केलीच पाहिजे, नाहीतर आपल्या वडिलांना दिसला तसा खड्डा दर पुरात मागे मागे सरकत रस्त्याच्या पायथ्यापर्यंत येतो.

माझे स्वतःचे मत असे की नदीच्या दोन्ही बाजूंना पाणी प्रत्यक्ष वाहते तेवढी लांबी खांबांवर न्यावी आणि पाणी फक्त साचते तेथे भराव चालेल. वाहणारे पाणी आणि साचणारे पाणी यांत फरक आहे, आणि तो नकाशापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अधिक नेमका सांगता येतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रस्ता खांबांवर गेला तरी पूर येणारच आहे. भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी यांच्या खोऱ्यांत एकाच वेळी मुसळधार पाऊस होतो आणि सगळे पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येते. पुढे नृसिंहवाडीला कृष्णा आधीच भरून वाहत असेल तर पंचगंगेला उतरायला जागाच राहत नाही. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले, तरी दर दरवाजाला १,४२८ म्हणजे एकूण सुमारे १० हजार क्युसेक (दर सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येते. मोठ्या पुरात त्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी धरणांनी न अडवलेल्या मोकळ्या खोऱ्यातून येत असते. महामार्गाने या पुरात भर घालू नये, एवढेच आपल्या हातात आहे, आणि तेवढे मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

उत्तर २ (मालवाहतूक व्यावसायिक, मार्केट यार्ड)

अभियंता साहेबांनी लिहिलेले पटते, परंतु दुसरी बाजूही ऐकावी. माझ्या सहा गाड्या या रस्त्यावर चालतात. २०१९ मध्ये त्यांतल्या दोन गाड्या किणीच्या अलीकडे सहा दिवस उभ्या होत्या. एकीत टोमॅटो होते, ते सगळे गेले. कोल्हापूरकडून पुण्याला येणारे दूध थांबले, तिकडे जाणारा औषधांचा आणि इंधनाचा माल थांबला. आमच्या चालकांना त्या सहा दिवसांत जवळच्या गावांतल्या लोकांनी दोन्ही वेळा भाकरी आणून दिली, हे मी कधी विसरणार नाही, आणि म्हणूनच त्या गावांच्या नुकसानीवर आमचा रस्ता उभा राहावा असे मी म्हणणार नाही. पण लांब पुलाला वर्षे लागतील. तोपर्यंत दर पावसाळ्यात असेच थांबायचे का?

काम होईपर्यंत तरी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि तिला सिमेंटची एक गोणीही लागत नाही. धोका पातळी ओलांडली म्हणून शिरोलीचा रस्ता लगेच पाण्याखाली जात नाही. मध्ये पुष्कळ तास हातात असतात. त्या तासांत अवजड वाहनांना पुण्यातच सांगितले, तर बेंगळुरूकडे जाणारी गाडी सोलापूर, विजयपुरामार्गे वळवता येते. गाडी एकदा कराड ओलांडून पुढे गेली की चालकाला रांगेत उभे राहण्यावाचून पर्याय राहत नाही. आम्हाला रस्ता बंद झाल्याची बातमी मिळते, बंद होणार असल्याची मिळत नाही. खेड शिवापूर आणि आनेवाडी येथील टोलनाक्यांवर पंचगंगेची पातळी आणि ‘अवजड वाहनांनी पुढे जाऊ नये’ असा स्पष्ट फलक लागला, तरी निम्मी कोंडी टळेल.

एक विचारायचे राहिले. रस्ता खाली मोकळा केला तर पश्चिमेचे पाणी पूर्वेच्या गावांवर जाऊन त्यांचे नुकसान वाढणार नाही का? रुई आणि इचलकरंजीकडचे लोक उद्या हाच आक्षेप घेतील.

उत्तर ३ (रहिवासी, एकतानगरी, सिंहगड रस्ता)

ताई, रस्त्याच्या बांधणीतले मला फारसे कळत नाही; वस्त्यांनी काय करावे, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग होता. सोप्या भाषेत, दर सेकंदाला सुमारे १० लाख लिटर. खडकवासल्याची साठवण जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि पानशेत, वरसगाव, टेमघर ही तिन्ही धरणे त्याच्या वर आहेत. त्यामुळे वरून आलेले पाणी ते फार वेळ धरून ठेवू शकत नाही, हे आम्हाला त्या दिवसानंतर समजले. मुठेची निळी पूररेषा, म्हणजे नकाशावर आखलेली पुराच्या पाण्याची हद्द, ६० हजार क्युसेकच्या हिशेबाने आखलेली असल्याचे आम्ही ऐकत आलो होतो, आणि पाणी त्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक असतानाच आमच्या वाहनतळात छातीइतके भरले. नकाशावरची रेषा आखल्यानंतर पात्रात भराव, राडारोडा आणि बांधकामे वाढली, तर ती रेषा जागेवर राहत नाही. भराव या शब्दाची आपल्या गावाला वाटणारी भीती आम्हाला म्हणूनच समजते.

पाणी कोठून आले ते सांगते, कारण संरक्षक भिंत मागणाऱ्या प्रत्येक गावाने ते ऐकले पाहिजे. आमच्या सोसायटीला नदीच्या बाजूला चांगली सहा फुटांची भिंत आहे. पहाटे चारच्या सुमारास पहारेकऱ्याने दार वाजवले, तेव्हा भिंतीच्या पलीकडचे पाणी अजून भिंतीच्या मध्यालाही पोहोचलेले नव्हते. पण आत, वाहनतळातल्या सांडपाण्याच्या चेंबरचे लोखंडी झाकण पाण्याच्या दाबाने वर उचलले जात होते, खाली बसत होते आणि त्याच्या कडेने काळे पाणी चहूकडे पसरत होते. नदी उलटी होऊन गटाराच्या नळातून आत आली होती. भिंत बांधायची असेल तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नळाच्या तोंडाला पाणी बाहेर जाऊ देणारे आणि आत येऊ न देणारे झडपेचे दार हवेच, आणि ती झडप बंद असताना आत पडणारा पाऊस बाहेर टाकण्यासाठी डिझेलवर चालणारा पंपही हवा, कारण पुरात वीज पहिल्यांदा जाते. हे दोन्ही नसेल तर भिंत पाणी आत कोंडते आणि पूर ओसरल्यावरही वस्ती दोन दिवस चिखलात राहते.

विजेबद्दल एवढेच सांगते की त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी परिसरात पाण्यात विजेचा धक्का बसून तिघे दगावले. आमच्या इमारतीतले मीटर त्यानंतर आम्ही वाहनतळातून उचलून पहिल्या मजल्याच्या चौकात घेतले. गावात मीटर बहुधा ओसरीच्या भिंतीवर असतात. ते आपल्या वडिलांच्या सर्वांत वरच्या रेघेच्या वर न्यावेत. हे काम दोन दिवसांचे आहे आणि कोणत्याही मंजुरीची वाट पाहून लांबवण्यासारखे नाही. जनावरांच्या गळ्यातले दावे रात्री सोडता येईल असे बांधावे, हेही मला एका चिखलीकर मैत्रिणीने सांगितले.

इशाऱ्याच्या बाबतीत आम्हाला सर्वांत जास्त मनस्ताप झाला. विसर्ग वाढणार असल्याचा निरोप जबाबदार यंत्रणेकडून आमच्यापर्यंत वेळेवर आला नाही, आणि आला असता तरी ‘इतके हजार क्युसेक’ याचा अर्थ आमच्यातल्या कोणालाही कळला नसता. म्हणून आम्ही आता फाटकाच्या खांबावर रंगाने खुणा केल्या आहेत: इतक्या विसर्गाला पाणी रस्त्याच्या कडेला येते, इतक्याला फाटकाशी, इतक्याला जिन्याच्या चौथ्या पायरीला. आकडा आला की सत्तर वर्षांच्या आजींनाही आपल्या घरासाठी त्याचा अर्थ लागतो. आपल्या गोठ्यावरच्या गेरूच्या रेघा म्हणजे हेच काम अर्धे झालेले आहे. प्रत्येक रेघेशेजारी त्या दिवशीची राजाराम बंधाऱ्याची पातळी लिहून घ्या, आणि असेच गावातल्या दर गल्लीत एका तरी भिंतीवर करा.

उत्तर ४ (रहिवासी, सहकारनगर)

थोडक्यात एक जोड देतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो लोंढा आला, तो नदीचा पूर नव्हता आणि त्याला धरणाचा विसर्गही कारण नव्हता. कात्रजच्या डोंगरापासून काही तासांच्या पावसाचे पाणी अरुंद केलेल्या ओढ्यातून आणि कचऱ्याने तुंबलेल्या मोऱ्यांतून घुसले आणि अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी परिसरात सीमाभिंती पाडत गेले. त्याच रात्री खेड शिवापूर येथे, याच महामार्गाला लागून, दर्ग्यात झोपलेली माणसे वाहून गेली. तेव्हा महामार्ग मोठ्या नदीपाशीच पाणी अडवतो असे नाही. त्याला छेदून जाणारा प्रत्येक लहान ओढा तपासावा लागतो. रस्ता चौपदरीचा सहापदरी होतो तेव्हा जुन्या मोऱ्या दोन्ही बाजूंना लांबवल्या जातात, पण त्यांची रुंदी पुष्कळदा जुनीच राहते. ग्रामसभेच्या निवेदनात आपल्या हद्दीतल्या सगळ्या मोऱ्यांची यादी आणि मे महिन्यात त्या साफ झाल्या की नाही याची नोंद असावी. ही मागणी मोठ्या पुलासारखी वर्षानुवर्षे अडून राहणार नाही.

उत्तर ५ (निवृत्त अभियंता, कोथरूड)

मार्केट यार्डातल्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय खांबांवरच्या रस्त्याची मागणी अपुरी राहते.

भरावामागे साचणारे पाणी हे एखाद्या लहान तलावासारखे आहे. पूर काही तासांचा असता, तर त्या तलावाने पाण्याचा माथा अडवून खालच्या गावांना थोडा दिलासा दिला असता. सहकारनगरच्या सदस्यांनी सांगितलेल्या ओढ्याच्या लोंढ्यात तसे होऊ शकते. पंचगंगेचा पूर मात्र पाच-सहा दिवस, कधी त्याहून अधिक चढलेला राहतो. हा तलाव पहिल्या दिवशीच भरून जातो, आणि भरल्यावर वरून जेवढे येते तेवढेच खाली जात राहते. म्हणजे खालच्या गावांना भरावाचा लाभ पहिल्या काही तासांपुरता आणि वरच्या गावांना त्याचा तोटा सगळे दिवस. पाणी खाली थोडे आधी पोहोचेल, हे खरे आहे, त्यासाठी इशाऱ्याची वेळ आधी आणावी लागेल. पण सर्वोच्च पातळीत त्यामुळे मोठा फरक पडण्याचे कारण मला दिसत नाही. हे माझे अनुमान आहे आणि ते गणिताने तपासता येते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांचे पाणी घेऊन आजचा रस्ता, उंच भराव आणि खांबांवरचा रस्ता अशा तिन्ही स्थितींत वरच्या आणि खालच्या गावांची पातळी किती येते, ती संगणकावर काढता येते. अशी गणिते करणारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आपल्या खडकवासल्यातच आहे. ती आकडेवारी दोन्ही बाजूंच्या गावांसमोर मराठीत, गावनिहाय मांडली जावी, अशी मागणी आपण करावी. मग शिरोली आणि रुई यांनी एकमेकांविरुद्ध उभे राहण्याचे कारण उरत नाही.

सिंहगड रस्त्याच्या ताईंनी निळ्या रेषेबद्दल लिहिले, त्यात एक भर घालतो. निळी रेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या वाक्यातून पुष्कळांचा असा समज होतो की एकदा पूर आला म्हणजे पुढची २४ वर्षे निश्चिंत. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी चार टक्के शक्यता आहे, आणि ती मागच्या वर्षी पूर आला म्हणून कमी होत नाही. शिरोलीत २०१९ नंतर दोनच वर्षांनी जे झाले त्याने हा समज मोडायला हवा होता. महामार्गाचा आराखडा पाहताना पूर किती वर्षांतून एकदाचा धरला आहे, आणि अलीकडची वर्षे त्यात घेतली आहेत का, हे अवश्य विचारा.

प्रश्नकर्तीचे उत्तर (वारजे, पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे मी वडिलांना दूरध्वनीवर वाचून दाखवली. बुडालेला रस्ता हा नदीचा सांडवा असतो, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि म्हणाले, की आम्ही वीस वर्षे हेच सांगत होतो, पण त्याला शब्द नव्हता.

निवेदन आता असे करत आहे. पाणी जेथे प्रत्यक्ष वाहते ती लांबी खांबांवर घ्यावी, आणि ती लांबी ठरवताना गावातल्या जुन्या शेतकऱ्यांसोबत जागेवर फिरून खुणा कराव्यात. आज रस्त्यावरून जाणाऱ्या पाण्याइतकी वाट खालून दिल्याशिवाय रस्त्याची उंची कोठेही वाढवू नये. तिन्ही स्थितींतल्या पातळ्या वरच्या आणि खालच्या गावांना एकाच सभेत दाखवाव्यात. त्यासाठी रुईच्या सरपंचांशी बोलायला वडील स्वतः जाणार आहेत. टोलनाक्यावरच्या फलकाची मागणीही मी त्यात घातली आहे, कारण रांगेत अडकलेल्या चालकांना भाकऱ्या नेऊन देणाऱ्यांत माझी चुलतीही होती. मोऱ्यांची यादी माझा भाचा या रविवारी सायकलवर फिरून करणार आहे. आमच्या घरातला मीटर उंच करण्यासाठी तारतंत्री बुधवारी येतो आहे.

खड्डा वडिलांनी तेव्हाच मुरूम टाकून बुजवला होता, त्यामुळे त्याचे माप आता मिळणार नाही. मात्र त्यांनी मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र सापडले, त्यात खड्ड्यात उभ्या असलेल्या माझ्या भावाचे फक्त कमरेवरचे अंग दिसते. सर, एवढे पुरेसे होईल का? आणि जुलै २०२१ मधल्या त्या तीन-चार दिवसांच्या राजाराम बंधाऱ्याच्या तासातासाच्या नोंदी कोणाकडे असतील, तर कृपया कळवावे. वडिलांनी रेघ कोणत्या वेळी ओढली ते त्यांना आठवते, शेजारचा आकडा तेवढा भरायचा राहिला आहे.